‘मे’ आणि ‘च’ : लोकमान्यांचे एक इंग्रजी वाक्य कसे वाचावे?

१/ वसई म्हटले की इतिहासप्रेमींना १७३९ ची मोहीम आठवते, १८०२ चा तह आठवतो. २२ जुलै १९०८ ची रात्र मात्र सहसा कोणाला आठवत नाही. त्या रात्री लोकमान्य टिळकांना घेऊन एक विशेष रेल्वेगाडी मुंबईहून अहमदाबादकडे निघाली. वसई आणि विरार याच लोहमार्गावर आहेत.

२/ गाडीत बसवण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयात ‘केसरी’तील लेखांवरील राजद्रोहाचा खटला संपला होता. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण २१ तासांहून अधिक काळ केले. तरीही ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांना दोषी ठरवले. शिक्षेपूर्वी काही सांगायचे आहे का, अशी विचारणा झाली, तेव्हा ते इंग्रजीत मोजकेच बोलले. न्यायमूर्ती दावर यांनी त्यानंतर सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

३/ ते उत्तर आज त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरलेले आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी त्या शिळेचे अनावरण केले. आशय असा : ज्यूरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत असेच आपले म्हणणे आहे. माणसांच्या आणि राष्ट्रांच्या नियतीवर उच्चतर शक्तींची सत्ता आहे. आपण मुक्त राहण्यापेक्षा आपल्या क्लेशांनी हे कार्य अधिक फळास यावे, अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल.

४/ या वाक्यात तीन अडथळे आहेत. पहिला ‘हायर’. हे तुलनेचे रूप आहे, पण कोणापेक्षा उच्च, हे वाक्यात नाही. मराठीत ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ आल्याशिवाय तुलना अपुरी वाटते. म्हणून भाषांतरकार ‘या न्यायासनाहून’ हे शब्द घालतो. अर्थ चुकत नाही, परंतु जे ऐकणाऱ्यावर सोडले होते, ते वक्त्याच्या तोंडी येते.

५/ दुसरा ‘माय रिमेनिंग फ्री’. येथे ‘रिमेनिंग’ म्हणजे ‘उर्वरित’ नव्हे. ते क्रियापदापासून झालेले नाम आहे, म्हणून त्याच्या आधी ‘माय’ येते : ‘माझे मुक्त राहणे’. त्याच्या समोर ‘माय सफरिंग’, म्हणजे ‘माझे सोसणे’, ठेवले आहे. दोन नामांची ही तुलना ध्यानी आली की वाक्याचा सांगाडा उलगडतो.

६/ तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा ‘मे’. तो दोनदा येतो. ईश्वरी इच्छा तशी ‘असू शकेल’, हा पहिला. कार्य फळास ‘यावे’, हा दुसरा. एकात शक्यता आहे, तर दुसरा त्या इच्छेचा आशय सांगतो. निश्चिती कोठेही नाही. उपलब्ध पाठांत काही शब्द वेगळे आढळतात, ‘मे’ मात्र टिकून आहे.

७/ मराठीत सांगताना मात्र हे उत्तर सहज भविष्यवाणी होऊन बसते : ‘माझ्या शिक्षेनेच कार्य भरभराटीस येईल.’ ‘मे’ गेला, त्याच्या जागी ‘च’ आला. घोषणेला असा ठाशीवपणा लागतो, हे मान्य. व्याख्यानात तो क्षम्यही ठरेल. इतिहासलेखनात ठरत नाही.

८/ कारण दुसऱ्याच दिवशी टिळकांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती. पुढे मंडाले, १९१२ मध्ये पत्नीचे निधन, १९१४ मध्ये सुटका आणि १९१६ मध्ये होमरूल लीग, हे सारे आजच्या वाचकाला ठाऊक आहे. त्या रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला नव्हते. ‘येईल’ असे लिहिणारा स्वतःचे ज्ञान त्यांच्या तोंडी घालतो. शेवट ठाऊक असलेल्याचे धैर्य सोपे असते. टिळकांचे तसे नव्हते.

९/ आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या लेखांवरून शिक्षा झाली, ते मराठीत होते आणि खटला चालला तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरांवर. त्या भाषांतरांत मूळ शब्दांना भलता अर्थ दिला गेला, ही टिळकांची तक्रार होती. त्यांच्या इंग्रजी वाक्याचे मराठी करताना तरी तोच अन्याय उलट दिशेने, भक्तिभावाने, होऊ नये.

१०/ विरारहून चर्चगेटला रोज हजारो माणसे उतरतात. उच्च न्यायालय तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ती शिळा पाहण्याची संधी मिळाली, तर त्या दोन ‘मे’पाशी क्षणभर थांबावे.