नकाराची किंमत कोणी मोजायची?

१/ मनाला न पटणारे उपचार नाकारण्याचा हक्क डॉक्टरांना कायद्याने द्यावा, अशी मागणी अधूनमधून होते. दाखला बहुधा ब्रिटनचा असतो. तेथील १९६७ च्या गर्भपात कायद्यात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सहभाग नाकारण्याची मुभा आहे. मग आपल्याकडे का नसावी? इतिहासाचे उत्तर मागणीकर्त्यांना सोयीचे नाही.

२/ गर्भपाताच्या प्रश्नावर भारतात १९६४ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. १९७१ मध्ये कायदा झाला, तेव्हा ब्रिटिश कायदा चार वर्षांचा होता. तरीही ते कलम आपण घेतले नाही. उलट वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी बजावले की, वैद्यकीय गरज असताना केवळ धार्मिक कारणावरून गर्भपात, नसबंदी, संततिनियमन वा सुंता नाकारता येणार नाही. (होय, सुंताही!) अपवाद एकच: ते काम आपल्याला जमणार नाही, असे डॉक्टरांना स्वतःला वाटत असेल तर.

३/ "आणि आणीबाणी?" हा आक्षेप मात्र वजनदार आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. त्या काळी शस्त्र खाली ठेवणारा डॉक्टर हवाच होता. परंतु समोरच्या माणसाची संमतीच नसेल, तर नकार हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते. त्यासाठी वेगळ्या सवलतीची गरज काय? सत्तेला दिलेला नकार आणि रुग्णाला दिलेला नकार एकाच तागडीत तोलणे ही लबाडी आहे.

४/ शिवाय विवेक नेहमी 'नाही'च म्हणतो, हे कोणी ठरवले? २००८ मध्ये ठाणे जिल्ह्यातील भाईंदरच्या एका गर्भवतीच्या गर्भाला गंभीर हृदयविकार आढळला. २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. तिचे डॉक्टर निखिल दातार तिच्यासह उच्च न्यायालयात गेले. ४ ऑगस्टला याचिका फेटाळली गेली. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने ही मर्यादा ओलांडण्याची सोय कायद्यात आली ती २०२१ मध्ये. दातारांच्या विवेकाने परवानगी मागितली होती, ती उपचार करण्याची.

५/ १९२५ मध्ये र. धों. कर्वे यांनाही नोकरी की संततिनियमनाचा प्रचार, असा पेच पडला होता. त्यांनी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडली. ते डॉक्टर नव्हते, पण विवेकाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आज मागितली जाणारी सवलत नेमकी उलटी आहे. इटलीत १९७८ च्या कायद्याने अशी मुभा दिली आणि तेथे ६० टक्क्यांहून अधिक स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती घेतलेली आढळते. ठाण्यात वा डोंबिवलीत एका डॉक्टरने नकार दिला, तर पुढच्या गल्लीत दुसरा दवाखाना सापडेल. मुरबाडच्या वाडीवरील बाईने काय करावे? तिथे रेल्वे नाही. मजुरी बुडवून, एसटीने, कल्याणपर्यंत. आणि आठवडे तर मोजले जातच असतात.