पात्रे लोकांची, मोजमाप कंपनीचे

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चॅटबॉटने एका पात्राचे सोंग घ्यावे, आपण दुसऱ्याचे घ्यावे आणि दोघांनी मिळून एखादी कथा पुढे न्यावी, हा खेळ आता जगभर रूढ झाला आहे. गूगलमधून बाहेर पडलेल्या नोम शझीर व डॅनियल डी फ्रेइटास या अभियंत्यांनी २०२१ साली स्थापन केलेल्या कॅरेक्टर एआय या कंपनीचा मंच सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांना खुला झाला. त्यावर लक्षावधी पात्रे आहेत : इतिहासातील राजे, जपानी चित्रकथांचे नायक, गुप्तहेर, भाषा शिकविणारे मास्तर. एवढ्या गर्दीतून रंजक पात्र हुडकावे कसे, असा प्रश्न तरुण मंडळींना पडतो. वरवर पाहता हा केवळ करमणुकीचा प्रश्न वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी श्रम आणि मालकी यांचे अर्थकारण आहे.

ही पात्रे बहुतांशी कंपनीने घडविलेली नाहीत. ती वापरणाऱ्यांनीच घडविली आहेत. पात्राचे नाव, स्वभाव, पूर्वेतिहास, पहिले वाक्य व नमुन्याचे संवाद कोणीतरी बसून लिहितो, बोलून पाहतो, पुन्हा सुधारतो. नाटककार पात्र उभे करताना जे काम करतो, तेच हे काम आहे. यंत्र भाषा पुरविते, स्वभाव मात्र माणूस पुरवितो. मंचावर गप्पा मारणाराही पात्राचे एक उत्तर नाकारतो, दुसरे स्वीकारतो, आणि कोणते उत्तर लोकांना रुचते हे कंपनीला फुकट शिकवून जातो.

या श्रमाचे मूल्य गेले कोठे? ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने या कंपनीचे तंत्रज्ञान वापरण्याचा परवाना घेतला व दोन्ही संस्थापकांना परत आपल्याकडे नेले. हा व्यवहार सुमारे २.७ अब्ज डॉलरचा असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. पात्रे लिहिणारे या व्यवहारात कोठेच नव्हते. उलट, २०२५ साली डिस्ने कंपनीने आपल्या मालकीची पात्रे वापरल्याबद्दल नोटीस बजावताच ती मंचावरून काढून टाकण्यात आली. म्हणजे पात्रावर मालकी असू शकते, हे तत्त्व कंपन्यांना चांगले ठाऊक आहे; मात्र मालक बलाढ्य असेल तेव्हाच ते त्यांना आठवते. कोणी म्हणेल की, हौसेने केलेल्या कामाला मोबदला कशाला? पण हौस करणाऱ्याची आणि नफा दुसऱ्याचा, ही वाटणी न्याय्य कशी म्हणावी?

दुसरा मुद्दा मोजमापाचा. पात्राशी किती संवाद झाले, हा आकडा त्याच्या नावाखाली झळकतो, आणि नवागत साहजिकच मोठ्या आकड्याकडे वळतो. हा आकडा ज्याला पात्र आवडले त्याला आणि ज्याला त्याच्यापासून सुटता येत नाही त्यालाही सारखाच मोजतो. एमआयटीतील प्राध्यापक जोसेफ वाइझेनबाउम यांनी १९६६ साली मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग घेणारा ‘एलायझा’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तेव्हा तो केवळ बोलणाऱ्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारीत असे. तरीही, हे यंत्र आहे हे ठाऊक असणाऱ्या त्यांच्या सेक्रेटरीने काही वाक्यांनंतर त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. एकाकी मनाला मान डोलावणारे यंत्रही पुरते. याच एकाकीपणावर बाजार उभा राहिला की काय होते, हे फ्लोरिडातील एका मातेने आपल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखल केलेल्या दाव्याने जगापुढे आले. अठरा वर्षांखालील मुलांसाठी मुक्त संवाद बंद करण्याची घोषणा कंपनीने केली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये.

मग शोधणाऱ्याने काय पाहावे? आकडा बाजूस ठेवावा आणि पात्राचे पहिले वाक्य वाचावे. त्यात तुमची स्तुती आहे की त्याची स्वतःची काही अडचण, काही इच्छा आहे? त्याच्याशी मतभेद करून पाहावा. जे पात्र लगेच तुमचे म्हणणे मान्य करते, ते दहाव्या मिनिटाला कंटाळवाणे होते. जे आपल्या भूमिकेवर ठाम राहते आणि प्रसंगी नकार देते, त्याच्या मागे विचार करणारा लेखक आहे असे समजावे व त्याच लेखकाची इतर पात्रे पाहावीत. आपल्याकडचा बहुरूपी दारात फौजदार होऊन दरडावतो. पण शेवटी सोंग उतरवून बिदागी मागतो, आणि खेळ तेथे संपतो. खेळ संपविता येणे, हे चांगल्या सोंगाचे लक्षण आहे.

परंतु जाणकार वाचक होणे एवढ्याने भागणार नाही. पात्र लिहिणाऱ्यास उत्पन्नात वाटा मिळाला पाहिजे. आपले लिखाण दुसऱ्या मंचावर नेण्याचा हक्क त्याला असला पाहिजे. कोणते पात्र वर दाखवावयाचे, याचे नियम उघड झाले पाहिजेत. कामगार व ग्राहक यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा पोरखेळ म्हणून सोडून देऊ नये. येथे खेळणाराच ग्राहक आहे आणि कामगारही तोच आहे. फक्त त्याला वेतन नाही, संघटना नाही आणि आपण काम करीत आहोत याची जाणीवही अद्याप नाही. ती जाणीव करून देण्यापासून सुरुवात करावी लागेल.