शिंपला मिटला, पुढे काय?

पोलंडची राजधानी वॉर्सा. तेथील जलपुरवठा केंद्रात व्हिस्टुला नदीच्या पाण्यावर आठ शिंपल्यांचा पहारा असतो. प्रत्येकाच्या कवचावर चुंबक चिकटवलेले. पाणी बिघडले की शिंपले मिटतात, संवेदकाला ते कळते आणि पुरेसे शिंपले एकदम मिटले की पाणी घेणेच आपोआप थांबते. तीनेक महिन्यांच्या सेवेनंतर त्यांना पुन्हा पाण्यात सोडून देतात. (आपल्याकडील हंगामी कामगारांना हेवा वाटावा अशी ही निवृत्ती!)

अशा संवेदकांचे गोडवे आता सर्वत्र गायिले जात आहेत. कालवांच्या हृदयाचे ठोके मोजले की प्रदूषणाचा प्रश्न निकालात निघाला, असा एकूण सूर आहे. यंत्राला शिव्या देणे म्हणजे समाजवाद नव्हे. साधन उत्तमच आहे. परंतु वॉर्साच्या शिंपल्याचे सामर्थ्य चुंबकात नाही. त्याची तार थेट पाण्याच्या झडपेला जोडलेली आहे, यात आहे. तीच तार मालकाच्या कचेरीत नेऊन सोडली तर काय होते, हे मिनामाताने दाखविले आहे.

तेथे चिस्सो कंपनी पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडीत होती. मासे व शिंपले खाऊन कोळी कुटुंबे पंगू झाली. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कंपनीच्याच रुग्णालयातील डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले आणि मांजराला तोच रोग जडला. धोक्याची घंटा याहून स्पष्ट कशी वाजावी? कंपनीने तो निष्कर्ष दडपला. विष १९६८ पर्यंत वाहत राहिले. सरकारने कारण मान्य केले तेही त्याच वर्षी, संबंधित उत्पादन बंद पडल्यावर! शिवाय अंगात सावकाश साठणाऱ्या अशा विषाने शिंपला वेळीच मिटेल, याची हमी नाही.

आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली १७ अतिप्रदूषक उद्योगप्रकारांना अखंड मापनयंत्रे बसविण्याचा आदेश दिला. यंत्रे बसवायची व सांभाळायची कोणी? ज्याचे सांडपाणी, त्यानेच! चोराच्या हाती तिजोरीची किल्ली देण्याचा हा प्रकार.

कोकणच्या खाड्यांतून कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना पाण्याचा बिघाड सर्वांआधी कळतो. त्यांच्या शब्दाने मात्र एकही नळी बंद होत नाही. तेव्हा संवेदक अवश्य यावेत. पण त्यांचे आकडे त्याच दिवशी मच्छीमार सोसायटीच्या फलकावर मराठीत लागले पाहिजेत, आणि नळी बंद करण्याचा कायदेशीर अधिकार त्या सोसायटीला मिळाला पाहिजे.