आमसूल आणि जांभळ्या द्रावणाची साक्ष

आपल्या सीमाभागात कोकमाला नावे अनेक. मराठीत कोकम किंवा रातांबा, गोव्यात भिरंड, कन्नडमध्ये मुरुगलु. शास्त्रीय नाव मात्र एकच : गार्सिनिया इंडिका. आजवर आमटीत आणि सोलकढीत निमूटपणे वावरणारे हे फळ आता ‘अँटिऑक्सिडंटांचे भांडार’ म्हणून बाटल्यांवर झळकू लागले आहे. या प्रशस्तीत खरे किती व पोकळ किती, हे पारखण्याचे काम आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी अंगावर घ्यावे, असे मला वाटते.

कोकमाची श्रीमंती खोटी नाही. सालीचा लाल रंग सायनिडिन या अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा. गार्सिनॉल हे पिवळे द्रव्यही तिच्यात असते. आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मापनात सालीत ते १०.३ ते १२.७ टक्के आढळले.

वादाचा मुद्दा पुढे आहे. ब्लॉइस यांनी १९५८ साली मांडलेली डीपीपीएच चाचणी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. जांभळ्या द्रावणात अर्क घालावा, रंग पिवळा पडत जातो, आणि ५१७ नॅनोमीटरवर ती घट मोजावी. चाचणी स्वस्त व सोपी. पण कोकमाचा लाल रंगही जवळपास त्याच लहरीचा प्रकाश शोषतो! नुसत्या अर्काचे शोषण वेगळे मोजून वजा केले नाही, तर आकडा फसवा निघतो. शिवाय डीपीपीएच हे द्रव्य मानवी शरीरात नसतेच. आणि खाल्लेल्या अँथोसायनिनांपैकी फार थोडा अंश मूळ रूपात रक्तापर्यंत पोहोचतो. तरीही कित्येक प्रकल्पांचा शेवट ‘म्हणून हे फळ अनेक रोगांवर गुणकारी आहे’ या वाक्याने होतो. परीक्षानळीतून रुग्णाच्या खाटेपर्यंतची ही उडी कोणत्या शास्त्रात बसते?

अशा उडीचा परिणाम कोकमाच्या भावंडाने दाखवून दिला आहे. उप्पागे, म्हणजे गार्सिनिया कॅम्बोजिया, याच्या फळातील याच आम्लाच्या गोळ्या वजन घटविण्यासाठी जगभर खपल्या. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवरील बारा आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या गोळ्या व औषधहीन गोळ्या यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी झाल्या. चिमूटभर आमसूल आणि आम्लाची दाट गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना कोणी सांगायचे?

तेव्हा आपल्या प्रयोगशाळांनी साधा प्रश्न हाती घ्यावा. ताजी साल, आगळ, उन्हात वाळवलेले आमसूल आणि साखर घातलेले सरबत, या चारांत मूळ रंगद्रव्य किती उरते? उष्णता आणि उजेड अँथोसायनिनांचा नाश करतात. म्हणजे सावलीत वाळवल्यास अधिक उरते का, हेही मोजता येईल. याचे उत्तर कोकम विकणाऱ्या बायांना आणि ते खाणाऱ्या घरांना उपयोगी पडेल. ते मराठीत लिहावे आणि कन्नडमध्येही. कारण हे झाड दोन्ही भाषांच्या परसात उभे आहे.

कोकमाला थोर ठरविण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही. मोजावे तेवढेच सांगावे, आणि सोलकढी मात्र मन भरून प्यावी.