खटल्यापूर्वीचा न्याय

जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे मिरचीचा मोठा बाजार भरतो. समजा, त्या बाजारातून एखाद्या तरुण हमालाने आयुष्यात पहिल्यानेच मिरचीचे एक पोते लांबविले व तो सापडला. अशा वेळी ‘कायदा आपले काम करील’ असे म्हणून सुशिक्षित गृहस्थ स्वस्थ बसतात. पण ते काम कोणते, याचा विचार त्यांनी कधी केला आहे काय?

फिर्याद, अटक, जामीन आणि मग भोकरदनच्या न्यायालयातील तारखांमागून तारखा! प्रत्येक तारखेस हमालाची एक दिवसाची मजुरी बुडते; साक्षीसाठी खेटे घालणाऱ्या व्यापाऱ्याचा धंदा बुडतो तो निराळाच. निकाल लागण्यापूर्वीच शिक्षा भोगून होते, आणि निर्दोष सुटला तरी गावाच्या तोंडी ‘चोर’ हे नाव कायम राहते.

कायदेकर्त्यांना हे उमगले नाही असे नव्हे. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाने समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीस, माल अथवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली. परंतु ही दया खटला चालून दोष शाबीत झाल्यानंतरची आहे. घर जळून गेल्यावर पाण्याचा हौद बांधावा, त्यातलाच हा प्रकार!

आमचे म्हणणे असे की, किरकोळ व पहिल्या गुन्ह्यात खटल्याच्या आधीच भरपाई, समज व काही काळ देखरेख यांवर प्रकरण मिटावे. न्यूझीलंडने १९८९ मध्ये अल्पवयीनांसाठी कुटुंबाला व पीडिताला एकत्र बसविण्याची पद्धत कायद्यानेच घालून दिली. आपल्याकडेही २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातच तडजोड घडविण्याचा मार्ग दाखविला.

यावर ‘मग धाक तो काय राहिला?’ हा आक्षेप ठरलेलाच. ज्या मालकाचे पोते चोरले त्याच्यासमोर उभे राहून किंमत फेडणे यात धाक नाही, आणि वकिलाच्या मागे मुकाट्याने उभे राहण्यात आहे, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. गावची समिती म्हणजे बलवानांची बैठक झाली, तर दुबळ्यास न केलेली चोरीही कबूल करावी लागेल. म्हणूनच आरोपीस विधी सेवा समितीचा वकील मिळावा, दोन्ही पक्षांची संमती लेखी असावी, तडजोडीस दंडाधिकाऱ्याची मान्यता लागावी, आणि ‘मी निर्दोष आहे’ म्हणणाऱ्यास खटल्याचा मार्ग मोकळा असावा. स्त्रियांवरील व जातीय अत्याचारांना या वाटेवर मुळीच थारा नसावा.

एवढी कुंपणे घालूनही ज्यांना खटलाच हवा, त्यांना न्याय हवा आहे की केवळ कोणाची तरी फजिती पाहावयाची आहे, याचा निवाडा वाचकांनीच करावा.