ई२०, ऊस की सॉकेट? नागापूरच्या दुचाकीचं साधं गणित

पेट्रोल पंपावर ई२० आलं तेव्हापासून नगरमधल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एक वाद ठरलेला आहे. एक म्हणतो, "गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं." दुसरा म्हणतो, "अरे, पण पैसा अरबांकडे जाण्यापेक्षा आपल्या ऊसवाल्याकडे जातोय ना!" तिसऱ्याने नुकतीच इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेली असते, त्याला चौथा ऐकवतो, "तुझी वीज तरी कुठून येते? कोळशातूनच ना?"

गंमत म्हणजे चौघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. म्हणून आपण हा वाद आकड्यांवर आणूया. उदाहरण घेऊ नागापूर एमआयडीसीत कामाला येणाऱ्या माणसाचं. राहुरीकडून किंवा पारनेरकडून, जाऊन-येऊन रोजचे ४० किमी. महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,००० किमी.

आधी खिसा

१०० सीसीची बाईक लिटरला ६० किमी देते असं धरू. महिन्याला साधारण १७ लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने पावणेदोन हजारांच्या आसपास. इलेक्ट्रिक स्कूटर भिंतीच्या सॉकेटमधून किमीला साधारण ३५ वॅट-तास वीज घेते. महिन्याचे झाले ३५ युनिट. घरगुती दर सगळे आकार धरून १० ते १२ रुपये पकडला तरी बिल चारशेच्या आसपास.

फरक महिन्याला तेराशे-चौदाशे. हा चांगला आकडा आहे, पण स्कूटरची जास्तीची किंमत आणि पुढे कधीतरी बदलावी लागणारी बॅटरी यातूनच वसूल व्हायची आहे. रोज ४० किमी चालवणाऱ्याला परवडतं, रोज ५ किमी चालवणाऱ्याला वर्षानुवर्षं परवडत नाही.

ई२० मध्ये नेमकं काय होतं?

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणं हे भौतिकशास्त्र आहे, अफवा नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई१० साठी जुळवलेल्या दुचाकींचं अ‍ॅव्हरेज ई२० वर ३ ते ४ टक्के घटेल असं म्हटलंय. ६० चं ५८ होईल, ४० नाही होणार. गाडी त्याहून जास्त पेट्रोल पीत असेल तर कार्ब्युरेटर, एअर फिल्टर आणि टायरमधली हवा आधी बघा.

खरा प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नाही, पाण्याचा आहे. त्याच अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आपल्या १७ लिटर ई२० मध्ये ३.४ लिटर इथेनॉल. ते सगळं उसाचं धरलं तर महिन्याचं पाणी झालं जवळपास १० हजार लिटर. म्हणजे एका दुचाकीमागे दर महिन्याला पाण्याचा एक टँकर! ज्या जिल्ह्यात पाथर्डी-पारनेरला उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे हा आकडा टोचला पाहिजे.

आता दुसरी बाजू. सगळं इथेनॉल उसाच्या रसाचं नसतं. साखर काढून उरलेल्या मळीपासूनही बनतं, आणि मळी तशीही निघणारच असते. मक्यापासूनही आता भरपूर बनतं. शिवाय १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून या जिल्ह्याचं अर्थकारण उसाभोवती फिरतंय. इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा लवकर येतो आणि उसाचं पेमेंट सुटायला मदत होते. त्याची किंमत ऊस घालणाऱ्याला विचारा. पण हा आधारही पक्का नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक निर्बंध आणले होते.

एक एकर, दोन पिकं

एका एकरात ४० टन ऊस धरू. टनाला ७० लिटर, म्हणजे २,८०० लिटर इथेनॉल. ऊर्जेच्या हिशोबाने हे १,८५० लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं. आपली बाईक त्यावर साधारण १ लाख १० हजार किमी जाईल.

त्याच एकरात सोलर पॅनेल लावले तर? १ मेगावॅटला ४ ते ५ एकर लागतात आणि वर्षाला १५ लाखांच्या आसपास युनिट मिळतात. म्हणजे एकरी ३ लाख. पाचवा हिस्सा वाटेत गळाला तरी २ लाख ४० हजार युनिट उरतात. त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर ६८ लाख किमी चालेल. साठपट!

याचा अर्थ ऊस उपटून पॅनेल लावा असा नाही. बागायती जमीन त्यासाठी नकोच. पण आपल्याकडे माळरान कमी आहे का? २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पथदर्शी प्रकल्प याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीत झाला. आताच्या २.० योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे. पडीक जमिनीसाठी हे वाईट नाही.

चौथ्याचं म्हणणं: वीज कोळशाचीच

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ६० अ‍ॅव्हरेजची बाईक किमीला ३८ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. भारतात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम निघतो. म्हणजे स्कूटरचा हिशोब, तारांमधली गळती धरून, किमीला २५ ते ३० ग्रॅम. बचत पाव ते एक तृतीयांश. आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढी नाही.

आणि आपण स्कूटर चार्जिंगला कधी लावतो? रात्री, घरी आल्यावर. तेव्हा सूर्य नसतो, ग्रिडवर मुख्य भार कोळशाचा असतो. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा हीच स्कूटर कुठे असते? नागापूरला, कंपनीच्या पार्किंगमध्ये, उन्हात तापत.

माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर इथे आहे.

पार्किंगमधला सॉकेट

४० किमीला लागतात १.४ युनिट. आठ तासांच्या शिफ्टमध्ये भरले तर लोड २०० वॅटपेक्षाही कमी, दोन-तीन जुन्या पंख्यांइतका. फास्ट चार्जर लागत नाही. शेड, साधा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि एमसीबी एवढं पुरतं.

१०० स्कूटर धरल्या तर दिवसाला १४० युनिट. १ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे ३५ किलोवॅट लागेल. जागा सुमारे ३,५०० चौरस फूट, जवळपास १०० दुचाकींच्या पार्किंग शेडच्या छपराएवढी. पावसाळ्यात कमी पडेल तेव्हा ग्रिड आहेच.

"कामगाराला वीज दिली तर वीजविक्रीचा परवाना लागेल," असं कुणी म्हणालं तर सांगा, चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, हा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केलाय.

नाईट शिफ्टवाल्यांना याचा फायदा नाही, हे खरं. ज्यांची बाईक अजून पाच वर्षं चालेल त्यांनी ती विकायची घाईही करू नये. पण पुढची गाडी घ्यायच्या आधी शोरूममध्ये रेंज विचारता, तसं कंपनीत एचआरला किंवा युनियनला एकच विचारा: पार्किंगमध्ये सॉकेट कधी लावताय? कारण इंधन कोणतं हे ठरवताना गाडी दिवसभर कुठे उभी असते, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.