दोन कुत्री आणि दहा दिवस

आमच्या घरी दोन कुत्री आहेत. काळू आणि रॉकी. काळू अस्सल गावरान. सात वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात कयाधूच्या पुलाजवळ कुणीतरी पोत्यात घालून सोडून दिलेले हे पिल्लू माझ्या पत्नीने पदराखाली घालून घरी आणले. रॉकी लॅब्रॅडॉर. मुलाने पुण्यात असताना हौसेने घेतला, पुढे नोकरी बदलली आणि हौस आमच्याकडे पाठवून दिली. गल्लीतली माणसे काळूला भितात आणि रॉकीच्या डोक्यावरून हात फिरवतात. यातली गंमत पुढे येईलच.

दवाखान्यात बसून मी गेली पस्तीस वर्षे रुग्णांना "रोज चाला" म्हणून सांगत आलो. स्वतः मात्र चालत नव्हतो. साठी उलटल्यावर रक्तातली साखर वाढली, तेव्हा नवे बूट आणले. ते चार दिवस वापरून कपाटात गेले. माणूस स्वतःला हजार कारणे सांगू शकतो. कुत्र्याला एकही सांगता येत नाही. पहाटे साडेपाचला काळू दाराला पंजा घासतो, रॉकी पट्टा तोंडात धरून खाटेपाशी उभा राहतो. थंडी असो की रात्री उशिरापर्यंत दवाखाना चाललेला असो, उठावेच लागते. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही दोघे माझ्याकडून त्याहून अधिक चालवून घेतात. वाटेत ओळखीचा एक दूधवाला भेटतो. तो रोज तेच विचारतो, "डॉक्टरसाहेब, कुत्र्यांनी फिरायला काढलं का तुम्हाला?" मी रोज हो म्हणतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा सात वाजायच्या आत घरी परतायचे, हा आमचा नियम. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायालाही सोसत नाही. दुपारी बारा वाजता बाजारात कुत्रे ओढत नेणारी मंडळी दिसतात, तेव्हा त्यांना पाच मिनिटे अनवाणी चालायला लावावे असे माझ्या मनात येते.

सुटीच्या दिवशी गाडीत घालून दोघांना सिद्धेश्वर धरणाकडे नेतो, कधी नर्सीला. रॉकी पाण्यात उतरला की बाहेर यायचे नाव घेत नाही, काळू काठावर बसून त्याच्यावर भुंकत राहतो. नर्सीला गेल्यावर मंदिरात पत्नी जाते, मी दोघांना घेऊन बाहेर झाडाखाली थांबतो. नामदेवांचे हे गाव, आणि कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. एकदा तिथे एका म्हाताऱ्या वारकऱ्याने आपल्या शिदोरीतली अर्धी भाकरी काळूला घातली आणि हात जोडले. मला फार बरे वाटले. आपल्या भागात कुत्र्याला भाकरी घालण्याचे संस्कार सांगावे लागत नाहीत. तुपाचे म्हणाल तर रॉकीला ते मी बंद केले आहे. त्याचे वजन माझ्याहून वेगाने वाढते.

पण आपण भाकरी घालतो आणि थांबतो. मीही थांबलो होतो. ते सांगण्यासाठीच हा लेख.

गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास शेजारची सून आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दारात आली. मुलाच्या मनगटाच्या वर हळदीचा जाड लेप होता. "काका, तुमच्या कुत्र्यानं धरलं याला. दुपारीच धरलं. सांगितलं नाही मेल्यानं." मुलगा रडत नव्हता, नुसता माझ्याकडे पाहत होता. माझ्या पत्नीने लगेच विचारले, "काळूनं?" मुलाने मान हलवली. "रॉकीनं."

झाले असे होते, की दुपारी त्याचा चेंडू आमच्या अंगणात आला. रॉकी जेवत होता. चेंडू त्याच्या भांड्याजवळ गेला, मुलाने हात घातला आणि रॉकीने दात लावले. जेवणारे, झोपलेले किंवा पिल्लांजवळचे कुत्रे कितीही गरीब असले तरी त्याच्याजवळ लेकराने जाऊ नये. हे मी किती पालकांना सांगितले असेल; माझ्याच फाटकाला कडी नव्हती. आणि मार बसेल या भीतीने मुलाने सहा-सात तास कोणाला सांगितले नाही. आजीने रक्त पाहिले आणि हळद भरली.

हळदीचा मी शत्रू नाही. वसमतच्या हळदीवर या जिल्ह्यातली कितीतरी घरे उभी आहेत, माझे सासरही त्यातलेच. पण कुत्र्याच्या चाव्यावर हळद नको, तिखट नको, चुना नको, तेल नको. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो. तिथून तो मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. त्याला जखमेतच गाठायचे असेल तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुणे, हाच घरातला खरा उपाय. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. आपण दोन मिनिटांत आटोपतो. मी त्या मुलाचा हात नळाखाली धरला, हळद धुऊन काढली. खाली दाताच्या दोन खुणा होत्या, त्यातून रक्त आलेले होते.

मग त्याच्या आईने तो प्रश्न विचारला. "काका, रॉकीला सुई दिलेली आहे ना?"

मी कपाटातले कार्ड काढले. रॉकीची लस एप्रिलमध्ये द्यायची होती. चार महिने उलटून गेले होते. काळूचीही तीच तारीख. एप्रिलमध्ये घरात लग्न होते, मेमध्ये ऊन होते, जूनमध्ये पाऊस. जनावरांचा दवाखाना आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. मी डॉक्टर आहे. त्या बाईला काय सांगावे ते मला सुचेना. शेवटी जे होते ते सांगितले. ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर सोपे गेले असते.

त्याच रात्री आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. ही लस तिथे मोफत मिळते. दाताने कातडी फाटून रक्त आले असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरमही भरावे लागते, कारण लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात आणि सीरम ती उणीव लगेच भरून काढते. लस दोन्ही दंडांत, कातडीत थोडी थोडी. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मुलाच्या आजीने वाटेत विचारले, "पोटात चौदा देतेत का?" ही भीती अजून गेलेली नाही. मी तरुणपणी ती पोटातली इंजेक्शने स्वतः दिली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये तयार केली होती. तिने असंख्य जीव वाचवले, पण ती दुखायची फार आणि क्वचित तिच्यामुळेच लकवा व्हायचा. ती आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आज पोटात एकही सुई देत नाहीत. तरी चौदाच्या धास्तीने दवाखाना टाळून झाडपाल्याकडे जाणारी माणसे मला आजही भेटतात.

पुढचे दहा दिवस. हा आकडा समजून घ्या. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याला लक्षणे दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रे धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात. मात्र लस सुरू करायला दहा दिवस थांबायचे नाही. "कुत्रं मरतंय का बघू, मग सुई घेऊ" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. माणसात लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, आणि एकदा पाण्याची भीती सुरू झाली की जगातला कोणताही डॉक्टर जवळजवळ काहीच करू शकत नाही.

रॉकीला मी मागच्या खोलीत बांधले. पाणी प्यायला की मोजायचो. त्याचा आवाज घोगरा तर झाला नाही, जबडा लोंबत नाही ना, लाळ जास्त नाही ना, कोपऱ्यात तोंड घालून तर बसत नाही? लोकांना पिसाळलेले कुत्रे म्हणजे फेस गाळत धावणारे एवढेच माहीत असते. दुसराही एक प्रकार आहे. त्यात कुत्रे मुके होते, गप्प पडून राहते, त्याला घास गिळता येत नाही. घशात हाड अडकले म्हणून भला माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. चौथ्या दिवशी रॉकीने भाकरी खाल्ली नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी कळले, की पत्नीने त्याला लपवून केळी दिली होती. एरवी मी हसलो असतो.

त्या दिवसांत पहाटे काळूला एकट्याला घेऊन निघायचो. तो दर वळणावर थांबून मागे पाहायचा. शेजारच्या दारावरून जाताना मान वर करायचा धीर मला होत नसे.

दहावा दिवस गेला. रॉकी ठणठणीत होता. अकराव्या दिवशी दोघांनाही घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. लसीसाठी लक्षात राहील असा दिवस हवा म्हणून आधी पोळा धरायचे मनात होते. पण अधिक महिना आला की पोळा पुढे सरकतो आणि वर्ष तेरा महिन्यांचे होते. तेवढी सवलत विषाणू देत नाही. म्हणून २८ सप्टेंबर ठरवला. लुई पाश्चर १८९५ साली याच दिवशी गेले, आणि म्हणून हाच जागतिक रेबीज दिन. १८८५ च्या जुलैमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पाश्चरांच्या देखरेखीखाली ही लस पहिल्यांदा टोचली गेली. आमच्या शेजारच्या पोरापेक्षा एका वर्षाने मोठा.

आता गल्लीतल्या कुत्र्यांविषयी. २०२५ च्या ऑगस्टमध्येच सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांचा विषय गाजला. आधी सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश झाला, अकरा दिवसांनी तो बदलला आणि पिसाळलेली व हिंस्र सोडून बाकीची, नसबंदी करून व लस टोचून, होती तिथेच सोडा असे ठरले. आपल्याकडेही तेव्हा चहाच्या टपरीवर दोन तट पडले होते. एकाला सगळी मारून टाकायची होती, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नव्हता. माझे मत विचाराल तर दोघांनीही मोजणी करावी. एखाद्या भागातील दहापैकी सात कुत्र्यांना लस टोचलेली असली की रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे गणित आहे. शेजारच्या गोव्याने ते करून दाखवले. जाळी घेऊन, गल्लोगल्ली फिरून, हजारो कुत्री पकडून टोचली. २०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. कुत्री मारून हे साधत नाही, कारण रिकाम्या झालेल्या गल्लीत बाहेरची, लस नसलेली कुत्री येतात. आपल्या गल्लीत रोज सकाळी ज्या चार कुत्र्यांना आपण शिळी पोळी घालतो, ती आपल्या हातून धरली जातात. गाडी नेणाऱ्याला ती सापडत नाहीत. आमच्या गल्लीतली पाच कुत्री आम्ही सप्टेंबरमध्ये टोचून घेतली. धरायला शेजारच्या आजी होत्या, कारण ती फक्त त्यांचेच ऐकतात. सहावे अजून हाताला लागलेले नाही.

मुलाचे शेवटचे इंजेक्शन झाले त्या संध्याकाळी तो आमच्या फाटकाशी आला. फाटकाला आता कडी आहे. रॉकी आतून शेपूट हलवत होता. मी कडी काढायला गेलो तर तो म्हणाला, "आबा, आधी कार्ड दाखवा." मी आत जाऊन कार्ड आणले. त्याने तारीख दोनदा वाचली, काळूचेही मागितले, तेही वाचले, आणि मग म्हणाला, "आता काढा कडी."